‘चौघीजणी’च्या लेखिकेला दिलेला पारा : कॅलोमेल नावाच्या औषधाची गोष्ट

‘चौघीजणी’ ही कादंबरी तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत असताना वाचली असेल. शांता शेळके यांनी मराठीत आणलेल्या या पुस्तकाचे मूळ नाव ‘लिटल विमेन’ आणि तिची लेखिका अमेरिकेतली लुइसा मे अल्कॉट. चार बहिणींतली धीट, तापट आणि लिहिण्यात हरवून जाणारी ज्यो म्हणजे बरीचशी लुइसा स्वतःच. तुम्हाला आठवत असेल, युद्धाच्या काळात त्या मुलींचे वडील वॉशिंग्टनच्या इस्पितळात आजारी पडतात आणि आईच्या प्रवासाला हातभार म्हणून ज्यो आपले लांब केस कापून विकते.

प्रत्यक्षात वॉशिंग्टनच्या इस्पितळात आजारी पडली ती लुइसा. लांबसडक केस गेले तेही तिचेच, पण ते आजारपणात कापावे लागले. त्या आजारात तिला पाऱ्याचे एक संयुग औषध म्हणून देण्यात आले. त्याचे नाव कॅलोमेल. पुढची पंचवीस वर्षे ती या ना त्या दुखण्याने त्रस्त राहिली आणि त्या सगळ्याचे कारण हे औषधच, असे तिने मानले.

तिचे म्हणणे कितपत खरे होते? आणि डॉक्टर मंडळी जाणूनबुजून विष का देत होती? या लेखात आपण हे दोन्ही प्रश्न पाहू. हा विषय केवळ इतिहासाचा नाही. हेच कॅलोमेल आज एखाद्या क्रीमच्या डबीतून तुमच्या घरात येऊ शकते.

कर्जात वाढलेली मुलगी

लुइसाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन इथे झाला. वडील ब्रॉन्सन अल्कॉट शिक्षक आणि विचारवंत होते. डोक्यात मोठमोठ्या कल्पना, पण हातात पैसा टिकत नसे. आई ॲबिगेल हिने घर कसेबसे सांभाळले. ॲना, लुइसा, एलिझाबेथ आणि मे अशा चार मुली. कुटुंब अनेकदा घरे बदलत शेवटी मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावी स्थिरावले.

लुइसाला लहानपणापासून घरच्या ओढगस्तीची जाणीव होती. शिवणकाम, शिकवण्या, घरकामाची नोकरी असे मिळेल ते काम तिने केले आणि त्यासोबत ती मासिकांसाठी गोष्टी लिहीत राहिली. १८५६ मध्ये धाकटी बहीण एलिझाबेथ हिला स्कार्लेट फीव्हर झाला. आई ज्या गरीब कुटुंबाची शुश्रूषा करत होती, तिथून तो घरात आला. एलिझाबेथ त्यातून पूर्ण सावरलीच नाही आणि मार्च १८५८ मध्ये गेली. कादंबरीतली बेथ ती हीच. अँटिबायोटिक नसलेल्या त्या काळात असे मृत्यू घरोघरी होत असत.

सहा आठवड्यांची नर्स

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. अल्कॉट कुटुंब गुलामगिरीच्या कडव्या विरोधात होते. लुइसाला सैन्यात जाणे शक्य नव्हते, म्हणून तिशी पूर्ण होताच तिने नर्स म्हणून नाव दिले. डिसेंबर १८६२ मध्ये ती वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउन इथल्या युनियन हॉटेल इस्पितळात रुजू झाली. नावाप्रमाणेच ते मुळात एक हॉटेल होते. अंधाऱ्या खोल्या, कोंदट हवा, दुर्गंधी. ती आली आणि लगेचच फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईतले जखमी सैनिक तिथे येऊ लागले.

त्या युद्धात गोळीपेक्षा आजारांनी जास्त सैनिक मेले. टायफॉईड, जुलाब, न्यूमोनिया, गोवर यांनी छावण्या आणि इस्पितळे भरलेली असत. टायफॉईडचा जंतू अजून कोणी पाहिलेला नव्हता. तो १८८० मध्ये दिसला. त्यामुळे दूषित पाणी आणि अस्वच्छ हात यांचा या तापाशी असलेला संबंध इस्पितळात काम करणाऱ्यांना नीट माहीत नव्हता. ज्यांची सेवा करायची त्यांचाच आजार नर्सला होणे हे ओघाने आलेच.

जानेवारी १८६३ मध्ये लुइसाला ताप आणि खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी निदान केले टायफॉईड न्यूमोनियाचे. त्याच इस्पितळातल्या मुख्य परिचारिका हॅना रोप्स यादेखील तेव्हा आजारी पडल्या आणि २० जानेवारीला वारल्या. लुइसाचे वडील तिला घरी न्यायला आले होते. ती घरी पोहोचली तेव्हा तापाच्या भ्रमात होती. आपले एका धिप्पाड स्पॅनिश माणसाशी लग्न झाले आहे आणि तो आपल्याला छळतो आहे, असे भास तिला होत. जवळपास तीन आठवडे तिला धड शुद्ध नव्हती. केस याच काळात कापले गेले. खोलीबाहेर पडायला मार्च उजाडला.

कॅलोमेल म्हणजे काय?

कॅलोमेल म्हणजे मर्क्युरस क्लोराइड, अर्थात पारा आणि क्लोरीन यांचे संयुग. पांढरी, जड, बिनचवीची पूड. आपल्याकडेही पाऱ्याचे क्लोराइड जुन्या औषधांत ‘रसकापूर’ या नावाने वापरले जात होते. पाऱ्याचे दुसरे क्लोराइड, म्हणजे मर्क्युरिक क्लोराइड, पाण्यात सहज विरघळते आणि झपाट्याने जीव घेते. त्या मानाने कॅलोमेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते सौम्य आणि सुरक्षित समजले गेले.

पण पोटात गेल्यावर त्याचा काही भाग बदलतो आणि रक्तात शोषला जातो. आपल्या शरीरातल्या अनेक एन्झाइम्समध्ये गंधकाचे अणू असतात. पारा त्यांना घट्ट चिकटतो आणि ती एन्झाइम्स निकामी करतो. सर्वाधिक पारा साठतो मूत्रपिंडात. तोंड, हिरड्या आणि लाळग्रंथींवरही त्याचा परिणाम ठळक दिसतो.

युरोपात सतराव्या शतकापासून कॅलोमेल औषध म्हणून वापरात होते. सिफिलिस, कावीळ, कॉलरा, हगवण, मलेरिया, टायफॉईड, अगदी दात येणाऱ्या बाळाची किरकिर, सगळ्यावर हेच. १७९३ मध्ये फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली तेव्हा बेंजामिन रश या नामवंत डॉक्टरांनी कॅलोमेलचे मोठे डोस दिले. पुढच्या पिढीतल्या अमेरिकन डॉक्टरांवर त्यांचा मोठा प्रभाव होता.

विषबाधेलाच गुण समजले

इतकी वर्षे हे औषध टिकले कसे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्या काळचे डॉक्टर काही दुष्ट किंवा मूर्ख नव्हते. त्यांची समजूत अशी होती, की तापात शरीरात दूषित द्रव्ये साचतात आणि ती बाहेर काढली की ताप उतरतो. कॅलोमेल दिले की जोरदार जुलाब होत. शौचाचा रंग हिरवट होई. यावरून यकृतातले पित्त सुटले, असा निष्कर्ष निघे.

काही दिवसांनी रुग्णाच्या तोंडातून लाळ गळू लागे. हिरड्या सुजत, तोंडाला दुर्गंधी येई, दात हलू लागत. आज आपण याला पाऱ्याची विषबाधा म्हणू. तेव्हा मात्र लाळ सुटणे हीच औषध लागू पडल्याची खूण मानली जाई. लाळ सुटेपर्यंत डोस वाढवत नेण्याची पद्धत होती. म्हणजे विषबाधा झाली की उपचार यशस्वी. रुग्ण बरा झाला तर श्रेय औषधाला, आणि गेला तर आजारच तेवढा जबर होता. अशा हिशेबात औषध कधी नापास होतच नाही.

टायफॉईडमध्ये तर हा उपचार विशेष घातक होता. या आजारात लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जखमा होतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या जखमांतून रक्तस्राव होऊ शकतो किंवा आतड्याला भोक पडू शकते. शिवाय तापाने शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते. अशा वेळी जुलाब घडवून आणणे म्हणजे बुडत्याच्या गळ्यात दगड बांधणे. लुइसा वाचली ती या औषधामुळे नव्हे, हे औषध घेऊनही वाचली, असे म्हणणे जास्त योग्य होईल.

केस गेले ते मात्र पाऱ्यामुळेच, असे ठामपणे म्हणता येत नाही. तीव्र तापात केस कापण्याची पद्धत होती आणि टायफॉईडनंतर केस गळतातच.

ज्यांनी औषध बंद केले, त्यांचे काय झाले?

लुइसा घरी सावरत होती त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये एक धाडसी निर्णय झाला. विल्यम हॅमंड हे सैन्याचे सर्जन जनरल होते, वय जेमतेम ३४. सैनिकांना कॅलोमेल बेसुमार दिले जाते, त्यातून भयंकर लाळ सुटते, तोंडाचे मांस सडते, असे अहवाल त्यांच्यापर्यंत येत होते. ४ मे १८६३ रोजी त्यांनी आदेश काढला आणि सैन्याच्या औषधांच्या यादीतून कॅलोमेल काढून टाकले. त्यासोबत टार्टर एमेटिक हे अँटिमनीचे विषारी औषधही काढले.

डॉक्टरांमध्ये मोठा गदारोळ झाला. रोजच्या वापरातले हुकमी औषध कोणी एका आदेशाने काढून घ्यावे, हे अनेकांना अपमानास्पद वाटले. हॅमंड यांचे वरिष्ठांशी आधीच बिनसले होते. खरेदीतल्या गैरव्यवहाराचे आरोप ठेवून त्यांच्यावर लष्करी खटला चालला आणि १८६४ मध्ये त्यांना बडतर्फ केले गेले. त्यांच्यावरचा डाग पुसायला १८७९ साल उजाडावे लागले. दरम्यान सैन्याबाहेरचे डॉक्टर कॅलोमेल देतच राहिले.

प्रसिद्धी आणि दुखणे एकाच वेळी

इस्पितळातून घरी पाठवलेल्या पत्रांवरून लुइसाने ‘हॉस्पिटल स्केचेस’ हे छोटे पुस्तक तयार केले. ते १८६३ मध्ये आले आणि लोकांना आवडले. १८६८ मध्ये प्रकाशकाच्या आग्रहाखातर तिने मुलींसाठी कादंबरी लिहिली. ती ‘लिटल विमेन’. दुसरा भाग पुढच्याच वर्षी आला. त्या पैशांतून तिने घरावरची सगळी जुनी देणी फेडली. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ती कुटुंबाची कर्ती झाली होती.

पण शरीर साथ देत नव्हते. सांधे आणि पाय दुखत, डोके दुखे, चक्कर येई, झोप लागत नसे, अपचन होई, आवाज बसे. १८७० मध्ये ती बहीण मेसोबत युरोपला गेली. फ्रान्समधल्या दिनाँ गावात तिला डॉ. केन नावाचे एक वयस्क इंग्रज डॉक्टर भेटले. ते पूर्वी भारतात सैन्यात सर्जन होते. इथल्या रानातल्या तापात त्यांनाही कॅलोमेल देण्यात आले होते आणि त्याचा त्रास आपल्याला अनेक वर्षे झाला, असा त्यांचा अनुभव होता. लुइसाचे पायाचे दुखणे वॉशिंग्टनमध्ये घेतलेल्या कॅलोमेलमुळेच आहे, असे त्यांनी सांगितले आणि पोटॅशियम आयोडाइड घ्यायला दिले. या औषधाने शरीरात दडलेला पारा बाहेर पडतो, अशी तेव्हा समजूत होती.

लुइसाला पहिल्यांदाच आपल्या दुखण्याला एक नाव आणि एक कारण मिळाले. ज्यांचे दुखणे वर्षानुवर्षे रिपोर्टमध्ये सापडत नाही, अशा रुग्णांना मी दवाखान्यात रोज भेटतो. कारण कळल्याचा दिलासा किती मोठा असतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. ते कारण बरोबर आहे की नाही, हा विचार बहुतेक वेळा नंतर येतो, किंवा येतच नाही.

खरेच पाऱ्यामुळे?

आजच्या माहितीवरून पाहिले तर उत्तर बहुधा नाही असे आहे. कॅलोमेलसारख्या संयुगातला पारा शरीरात कायमचा राहत नाही. साधारण एक ते दोन महिन्यांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते, पुढच्या तेवढ्याच काळात त्याच्या निम्मे. वर्षभरात फारच थोडा उरतो. काही आठवडे घेतलेल्या औषधाने पंचवीस वर्षे टिकणारी आणि कमी-जास्त होत राहणारी विषबाधा होणे पटत नाही.

२००७ मध्ये नॉर्बर्ट हर्शहॉर्न आणि इयन ग्रीव्ह्ज या डॉक्टरांनी लुइसाच्या रोजनिशी आणि पत्रांतली लक्षणे तारखेनुसार एकत्र मांडली. (हे हर्शहॉर्न ओआरएसवर सुरुवातीचे संशोधन करणाऱ्यांपैकी एक. ज्या कॉलऱ्यात एकेकाळी कॅलोमेल देत, त्यात मीठ-साखर-पाणी जीव वाचवते, हे दाखवणाऱ्या कामात त्यांचा वाटा होता.) त्यांच्या मते तिला ल्यूपस हा आजार असण्याची शक्यता आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर हल्ला करते. हा आजार स्त्रियांत जास्त दिसतो. सांधेदुखी, थकवा, डोकेदुखी, मध्येच बरे वाटणे आणि पुन्हा उचल खाणे, हे चित्र तिच्या नोंदींशी जुळते. १८७० च्या सुमाराच्या तिच्या एका तैलचित्रात गालांवर दिसणारी लाली हा ल्यूपसचा पुरळ असू शकतो, असेही त्यांनी सुचवले.

अर्थात, चित्र आणि पत्रांवरून केलेले निदान पक्के नसते. ल्यूपसची पहिली रक्तचाचणी १९४८ नंतरची. रक्तदाब मोजण्याचे सोयीचे यंत्रही लुइसाच्या मृत्यूनंतर, १८९६ मध्ये आले. तिची डोकेदुखी आणि चक्कर वाढलेल्या रक्तदाबामुळे होती का, हे तपासायची सोयच नव्हती. काही त्रासांची कारणे तर साधीच होती. एकाच वेळी तीन प्रती निघाव्यात म्हणून ती कार्बनसारखे कागद घालून, पोलादी टाकाने जोर देऊन तासन्‌तास लिहीत असे. तिच्या उजव्या अंगठ्याची ताकद गेली. मग ती डाव्या हाताने लिहायला शिकली.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. पाऱ्यामुळे प्रतिकारशक्ती बिथरू शकते, हे आता प्राण्यांवरील प्रयोगांत आणि माणसांच्या मूत्रपिंडांतही दिसले आहे. त्यामुळे तिचा संशय निखालस चुकीचा होता, असेही म्हणवत नाही. त्याचा उल्लेख खाली पुन्हा येईल.

शेवटची वर्षे

आई १८७७ मध्ये गेली. १८७९ च्या अखेरीस बहीण मे पॅरिसमध्ये बाळंतपणानंतर वारली आणि तिची तान्ही मुलगी लुलू लुइसाकडे आली. वडिलांना पक्षाघात झाला. या सगळ्यांचा भार लुइसावर होता. तिने मालिश, होमिओपॅथी, मानसिक उपचार असे नाना उपाय करून पाहिले, झोपेसाठी मॉर्फिनही घेतले. प्रत्येक उपायाने काही दिवस बरे वाटे आणि दुखणे परत येई.

१ मार्च १८८८ रोजी ती अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना भेटून आली. त्यानंतर तिला तीव्र डोकेदुखी सुरू झाली आणि ती बेशुद्ध पडली. ४ मार्चला वडील गेले. ते तिला कळलेच नाही. ६ मार्चला, वयाच्या ५५ व्या वर्षी, तिचाही मृत्यू झाला. कारण बहुधा मेंदूचा पक्षाघात.

कॅलोमेल तिच्यानंतरही बराच काळ वापरात राहिले. ब्रिटनमध्ये बाळांच्या दातांसाठीच्या पुडीत ते १९५० च्या दशकापर्यंत होते. त्या बाळांचे हातपाय गुलाबी होत, सोलत, मुले अखंड रडत आणि काही दगावत. त्याला ‘पिंक डिसीज’ म्हणत. पुडीतून कॅलोमेल काढल्यावर तो आजार जवळजवळ नाहीसा झाला.

आज कॅलोमेल कुठे भेटते?

पारा त्वचेतले मेलॅनिन तयार होऊ देत नाही. म्हणून रंग उजळवण्याच्या काही क्रीममध्ये बेकायदा पारा घातला जातो, बऱ्याचदा कॅलोमेलच्याच रूपात. तो त्वचेतून शोषला जातो. गेल्या काही वर्षांत केरळमधल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी असे अनेक रुग्ण नोंदवले, ज्यांच्या मूत्रपिंडाच्या आजाराचा संबंध अशा क्रीमशी होता. महाराष्ट्रातही असे रुग्ण आढळले आहेत. पाऱ्यामुळे बिथरलेली प्रतिकारशक्ती मूत्रपिंडाच्या गाळण्यांना इजा करते आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात.

इथेही जुनीच फसगत होते. चार दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून क्रीम ‘गुणकारी’ वाटते. तो उजळपणा म्हणजे पारा आत जात असल्याची खूण असू शकते.

म्हणून एवढे करा :

• उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेले क्रीम वापरू नका. पार्लरमधून साध्या डबीत भरून मिळणारे तर नकोच.

• यादीत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, मर्क्युरिक आयोडाइड किंवा अमोनिएटेड मर्क्युरी यांपैकी काही दिसले तर ते क्रीम बाजूला ठेवा. सोन्या-चांदीच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वस्तूंना लावू नका, अशी सूचना असेल तरी पाऱ्याचा संशय घ्या. यादीत काही नसले तरी पारा असू शकतो.

• असे क्रीम वापरत असताना पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज आली, लघवीला फेस येऊ लागला तर क्रीम बंद करा आणि डबी घेऊन डॉक्टरांकडे या. लघवीतल्या प्रथिनांची साधी तपासणी लगेच होते. गरज पडल्यास रक्त आणि लघवीतला पारा मोजता येतो. वेळेत क्रीम थांबवले तर अनेकांची मूत्रपिंडे सावरतात.

• पारा असलेली कोणतीही भस्मे किंवा पुड्या स्वतःच्या मनाने, ओळखीच्या सांगण्यावरून घेऊ नका. काही घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. बाळाला तर अशी कोणतीही पुडी देऊच नका.

• डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाने त्रास होत असेल तर ते परस्पर बंद करण्याऐवजी विचारा. हे औषध काम करते आहे हे कशावरून ओळखायचे, आणि त्रास होतो आहे हे कशावरून? हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि दोन्हींचे उत्तर मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.

लुइसाला हे प्रश्न विचारायची सोय नव्हती. तापात भ्रमिष्ट अवस्थेत ती होती आणि औषध देणाऱ्यांनाही ते सुचले नव्हते. तुम्ही पुढच्या भेटीत ते जरूर विचारा.